अंगारा कपाळाला लावतात

आई, तू असतीस तर मला गप्प केलं असतंस. म्हणून तू गेल्यावर, इतक्या वर्षांनी बोलतेय. सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतली, कॅम्प पाचातली आपली खोली. तू भाकऱ्या थापतेयस, मी नुकतीच कॉलेजला जायला लागलेली आणि आत्ताच मठातून आलेली. मी तुला सांगते, की महाराज अंगारा लावताना हात कपाळावरून गळ्याशी नेतात आणि तिथेच ठेवतात. परातीतून मान वर न करता तू म्हणतेस, "अंगारा लावताना हात लागतोच. देवमाणूस आहेत ते. तुझ्याच मनात वाकडं." शेजारची सिंधी काकू दारात थबकली होती. "अरे भाभी, बच्ची झूठ क्यों बोलेगी?" तर तू तिलाच सुनावलंस, "आमच्या घरातलं आम्ही बघू." अंगारा कपाळाला लावतात, आई. एवढं तुला माहीत नव्हतं? पुढच्या गुरुवारी तू मला बंद गळ्याचा, लांब बाह्यांचा ड्रेस शिवून दिलास आणि पुन्हा त्याच रांगेत उभं केलंस. बाकीच्या बायकाही आपापल्या मुलींना तसंच झाकूनपाकून आणत होत्या. म्हणजे ठाऊक सगळ्यांना होतं. महाराजांचा हात मोकळा आणि आम्ही मुली उकाड्यात घामाघूम. त्या ड्रेसची मला अजून चीड येते.

आता नव्वदचं दशक संपत आलंय. अंबरनाथला मी ज्या शाळेत शिकवते, तीही एका मठाचीच. कोर्टाने नोकरीच्या जागी बायकांच्या तक्रारींसाठी समिती नेमायला सांगितली, तेव्हा ट्रस्टींनी मला घेतलं, बहुधा मी कमी बोलते म्हणून. मी म्हटलं, नियम मठालाही लावा, आणि पहिला हाच लिहा: अंगारा वाटीत ठेवावा, ज्याचा त्याने लावावा. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, मग कृपा कशी पोचायची?" मी विचारलं, "कृपेला गळा कशाला लागतो?" तो नियम झाला नाही. मुलींनी ओढणी नीट घ्यावी, हा मात्र लगेच झाला.

गेल्या आठवड्यात या मठात झाडलोट करणारी, बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक तरुण मुलगी माझ्याकडे आली. तिचीही तीच तक्रार, इथल्या महाराजांबद्दल. दर वाक्याला म्हणायची, "बाई, खोटं नाय बोलत." मी म्हटलं, "मला खरं वाटतंय तुझं." ती रडायलाच लागली. आता तिच्यासाठी मी त्या सगळ्यांशी भांडणार आहे, नोकरी गेली तर गेली. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून सांगते. तुझं खरं वाटतंय असं मी तिला म्हटलं, त्या क्षणी, आई, मला तिचा हेवा वाटला.