दादाने दिलेला अल्सर

२ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: दादाशी एक अक्षर बोलायचं नाही. गेल्या वर्षीही हाच होता. आयुष्यात पाळलेला एवढा एकच संकल्प.
सकाळपासून पोटात आग. प्लायवूडच्या पलीकडे दादाचे ढेकर. वडिलांचं कुलपांचं दुकान मधोमध पार्टिशन घालून निम्मं गिळलं, मग ढेकर येणारच माणसाला.

९ जानेवारी
वाटणीत किल्ल्या कापायचं मशीन त्याला, कोऱ्या किल्ल्या मला. गिऱ्हाईक माझ्याकडून किल्ली घेतं आणि शेजारी जाऊन कापून घेतं. त्यामुळे दिवसभर मशीनची घरघर ऐकावी लागते आणि पित्त खवळतं.
हा अल्सर मला दादानेच दिलाय. टेन्शनने होतो, सगळ्या जगाला माहीत आहे. आता दुर्बिणीने तपासून घेणार. रिपोर्टवर ‘मानसिक त्रासामुळे’ एवढंच डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं आणि तो दादाच्या काउंटरवर आपटायचा. तो रडेल. मग मी माफ करीन. लगेच नाही, संध्याकाळी.

१७ जानेवारी
घशातून नळी घातली. अल्सर आहेच. हिने तोंडावर पदर घेतला, मला मात्र बरं वाटलं. डॉक्टरबाईंनी आतला बारीक तुकडा तपासायला काढला. म्हटलं, कशाला? कारण शेजारच्या दुकानात बसलंय. त्यांनी लक्ष दिलं नाही.

२४ जानेवारी
घात झाला. डॉक्टरबाई म्हणतात, टेन्शन नाही, जंतू आहे.
जंतू सगळीकडे असतात म्हणे. मातीत, बर्फात, गरम पाण्याच्या झऱ्यात, दाराच्या कडीवर, आपल्या आतड्यात. बहुतेक बिनत्रासाचे, काही तर कामाचे. थोडेच वाईट. हा त्यातला. पोटातल्या ऍसिडमध्ये कुणी टिकत नाही, पण हा स्वतःभोवतीचं ऍसिड मारत बसतो. चित्र दाखवलं. हुबेहूब स्क्रू. जन्मभर स्क्रू विकले मी, आणि शेवटी तोच आत गेला.
विचारलं, टेन्शनचा थोडा तरी हात असेल? म्हणाल्या, त्रास वाढत असेल थोडा. म्हटलं, मग ‘थोडा’ लिहून द्या. नाही दिलं.
वर म्हणाल्या, हा बहुधा लहानपणी घरातूनच येतो, उष्ट्यातून, लाळेतून. भावंडांनाही असू शकतो. अनेकांना काही होत नाही, पण क्वचित पुढे कॅन्सरही होतो. भाऊ आहे का? म्हटलं, आहे, सारखे ढेकर देतो. म्हणाल्या, मग त्याला लवकर पाठवा.

२५ जानेवारी
ही म्हणते, आजच्या आज भावोजींना सांगा. सांगायचं म्हणजे बोलायचं आलं. संकल्पाचं काय? शिवाय तोच जंतू त्यालाही निघाला, तर माझ्या अल्सरला कोण विचारणार? उद्या बघू.

३ फेब्रुवारी
गोळ्यांचा कोर्स चालू. तोंडात पितळेची किल्ली धरल्यासारखी चव. हिची भुणभुणही चालू. शेवटी मार्ग काढला. एका गिऱ्हाइकाला म्हटलं, किल्ली कापायला जाताय ना, तर त्यांना सांगा, पोट तपासून घ्या. त्याने सांगितलं ते असं: शेजारचे म्हणतात, तुमच्या पोटात किडे आहेत. पलीकडे मशीन जोरात सुरू झालं ते थांबेचना.
असो. मी माझं कर्तव्य केलं. हिलाही सांगितलं, निरोप दिलाय. मग तिची भुणभुण थांबली.

२० मार्च
पुन्हा तपासणी. जंतू गेला, आग गेली. डॉक्टरबाईंनी भावाचं विचारलं. निरोप दिलाय म्हटलं. तब्येत उत्तम, पण आता कुणाला सांगण्यासारखं काही राहिलं नाही.

२ एप्रिल
पलीकडचे ढेकर बंद. गिऱ्हाईक म्हणालं, तुमचे बंधू किती बारीक झालेत, पट्ट्याला नवी भोकं पाडलीत. व्यायाम करत असणार. पहिल्यापासून दिखाऊ. बरं झालं, मी त्या जंतूचा बाऊ केला नाही.

२१ एप्रिल
दादाचं शटर बंद. सगळे कोरी किल्ली परत घेऊन माझ्याकडेच येतायत. धंद्याची ही काय रीत?

२२ एप्रिल
वहिनींचा हिला फोन. दादाच्या पोटात कॅन्सर. लिव्हरपर्यंत गेलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले, निदान थोडं आधी यायला हवं होतं.
घरच्या कुणीतरी नीट सांगायला हवं होतं त्याला.
ही दिवसभर माझ्याकडे बघत नाही.

२ मे
हॉस्पिटलला गेलो. रिपोर्ट पिशवीत. ठरवलं होतं, तो बोलला तरच बोलायचं. तो लगेच बोलला. जेवलास का, म्हणाला.
मग मी जंतूचं सगळं सांगितलं. लहानपणीचं, उष्ट्याचं. तो हसला. म्हणाला, आई कामावर जायची, तुला दात नव्हते. मी घास चावून तुझ्या तोंडात घालायचो. म्हणजे मीच दिला की रे तुला.
इतकी वर्षं मी हेच तर म्हणत होतो. पण आनंद होईना. वहिनींनी त्याचं पांघरूण सारखं केलं. त्याचा हात एवढासा झालाय.
माफ कर म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. चुकून आलं. माफ केलं म्हणायचं होतं. वॉर्डात गर्दी होती. म्हटलं, संध्याकाळी निवांत बोलू.
संध्याकाळी त्याला गुंगी होती.

५ मे
दादा गेला. त्या संध्याकाळनंतर तो जागा झालाच नाही.

२६ मे
वहिनींनी मशीन पाठवून दिलं. त्यांना दुकानाचा त्यांचा भाग नको म्हणे. सुतार येऊन प्लायवूड काढून गेला. दुकान पुन्हा अख्खं, वडिलांच्या वेळचं. मशीन माझं, किल्ल्या माझ्या. पोटही ठीक.
दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं. मी त्याला कोरी किल्ली दिली आणि म्हटलं, शेजारी कापून घ्या. तो बाहेर गेला, जरा उभा राहिला आणि परत आला. म्हणाला, शेजारी कुणी नाही.