सतरा नंबरचे ठिपके

१२ सप्टें. २००३, शुक्र.
केंद्रातल्या चाचणीच्या मुगावर भुरी आली. कोणती ओळ तगते ते कळावं, त्यासाठीच मुद्दाम उशिरा पेरला होता, तरी रोग आला म्हणून आनंद व्हावा याची लाज वाटते. सगळ्या ओळी पीठ सांडल्यासारख्या पांढऱ्या. एकटी सतरा नंबरची ओळ हिरवी, पण पानांवर बारीक तपकिरी ठिपके. केंद्रप्रमुख सर बांधावरूनच म्हणाले, "सतरा रोगट दिसतेय, यादीतून काढा." पाच हंगाम बी निवडून जपलीय मी ती. आणि निकाल बांधावरून!

१३ सप्टें., शनि.
सरांच्या केबिनमध्ये भांडलेच जवळजवळ. हा रोग नाही, झाडाचा प्रतिकार आहे. भुरी जिथं शिरते तिथं झाड स्वतःच पेरॉक्साइड तयार करतं (जखमेवर टाकलं की फेसाळतं तेच) आणि आपल्याच तेवढ्या पेशी मारून टाकतं. ही बुरशी जिवंत पेशीवरच जगते, पेशी मेली की तिला खायला काय?
सर : "शेतकऱ्याला काय सांगणार? डागाळलेलं पीक घ्या, चांगलं असतं?"
मग जरा नरमून, "२४ला प्लॉट पाहायला कमिटी येतेय. तोवर सिद्ध करा."

१६ सप्टें., मंगळ
पुण्याच्या मैत्रिणीनं रंगाची पावडर पाठवली, चिमूटभर. पानं रंगात ठेवली, मग स्पिरिटमध्ये उकळून हिरवा रंग घालवला. पेरॉक्साइड असेल तिथंच तपकिरी दिसायला हवं. इथं सगळ्या कडा तपकिरी! कात्रीनं कापली होती ना मी. झाडाला तीही जखमच. अर्धी पावडर वाया. घरी यांनी नुसतं "जेवायला काय?" विचारलं, तर मी खेकसले.

१९ सप्टें., शुक्र.
नवं ब्लेड. फक्त देठ रंगात बुडवले. पान कागदासारखं पांढरं झालं आणि त्यावर तेवढे ठिपके तपकिरी. सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्या-ठिपक्यावर भुरी तिथल्या तिथं अडकलेली. शेजारच्या ओळीच्या पानावर ठिपका नाही, नुसतं बुरशीचं जाळं. ओरडावंसं वाटलं. सर रजेवर, बुधवारी येणार. सांगू कुणाला?

२३ सप्टें., मंगळ
सतरा नाही.
पॅसेंजर लेट. बदनापूरला उतरून धावतच आले, तर ओळीच्या जागी उघडी माती. आमचे शेतावरचे मुकादम किसनराव खुशीत : "उद्या कमिटी येऊ राह्यली ना मॅडम, म्हून डागाची झाडं उपटून घेतली. तुमचा प्लॉट बराबर साफ दिसला पायजे."
दर साली बायका रोगट, भेसळीची झाडं उपटतात, तशीच ही उपटली. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. तरी मी बोलले, नको ते बोलले. मजुरांतली गयाबाई मधेच म्हणाली, "बाई, वरडू नका. गुरांना टाकाय नेल्ती. थोडी बांधावर असतील आजून, चला जल्दी."
बकऱ्या आमच्या आधी पोचल्या होत्या. उरली ती मुळांसकट आणून गोदामात उलटी टांगली, दाणे पिकतील तेवढे पिकावेत म्हणून. शेंगा भरलेल्या, पण हिरव्या. जुनं बीही शिल्लक नाही, होतं तेवढं सगळं यंदा पेरलं होतं. तिथंच रडले.

२४ सप्टें., बुध.
कमिटीला प्लॉट आवडला. किती साफ, म्हणाले.
ते गेल्यावर सरांना पान दाखवलं. बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही त्यांनी. "खरं आहे तुमचं." मी काही बोलायच्या आत, "पण बी कुठंय?"
गोदामात नेलं. टांगलेल्या झाडाची एक शेंग त्यांनी दाबून पाहिली. "उगवलं तर पुढच्या चाचणीत घेतो. नाहीतर हे पान फ्रेम करून ठेवा."
राग सरांचा की स्वतःचा, कळेना.

६ ऑक्टो., सोम.
शेंगा वाळल्या, पण काळ्या झाल्या नाहीत, पिवळट. दाणे सुरकुतलेले. गयाबाईनं तळहातावर घेऊन पाहिले. "कवळंच राह्यलं बाई. सगळं नका भिजवू, थोडं ठिवा." थोडे ठेवले. बाकीचे ओल्या फडक्यात बांधले.

८ ऑक्टो., बुध.
घरच्या डब्यातल्या मुगाला एव्हाना मोड येऊन उसळ होऊन संपली असती.
सकाळी किसनराव दारात उभे, आत येईनात. "आलं का काही, मॅडम?" त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा बोलले. म्हटलं, या आत. फडकं सोडताना गाठ सुटेना, त्यांनीच सोडली. बहुतेक दाणे फुगून मऊ, गेलेले. एकाच्या कडेला पांढरं टोक. भिंग लावून आळीपाळीनं पाहिलं दोघांनी.
मोड आहे की बुरशी, आज सांगता येत नाही. पाणी शिंपडून फडकं पुन्हा बांधलं.