शेवटच्या तुळईवरचं नाव

मिलवॉकी,
रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय ओडेसा मावशी,

तुझे गुडघे कसे आहेत? या थंडीतही चर्चच्या पायऱ्या चढत असशील, ऐकशील तर ती तू कसली! नाओमी बरी आहे. पुढच्या महिन्यात पाच पूर्ण होतील.

एकाच शहरात राहून दोन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. "ते दार आपल्यासाठी नाही, तोंडावर आपटशील," असं तू म्हणालीस आणि मी तरातरा निघून आले. लोखंडकामाच्या युनियनच्या हॉलमधून रॉस्को काकांना काळे म्हणून तीनदा परत पाठवलं होतं, ते तू विसरली नव्हतीस. पण मला घेतलं गं! दुसऱ्या वर्षाची शिकाऊ आहे. उंचावर लोखंडी तुळया जोडते, शिकता शिकता पगारही मिळतो.

जानेवारीत आम्ही बांधतोय त्या हॉस्पिटलची शेवटची तुळई चढली. चढवण्याआधी तिच्यावर सगळे आपापलं नाव लिहितात. मी काकांचं लिहिलं. मुकादम डेल म्हणाला, "हा कोण गं? आपल्यात तर नाही."

म्हटलं, "उशिरा का होईना, आला."

मी पाल्हाळ का लावतेय, ते तुला कळलंच असेल.

काम सहाला सुरू होतं. नाओमीला सांभाळणारी बाई डिसेंबरात गाव सोडून गेली. शेजारीण रात्रपाळीवरून सातला येते, नाओमीला शाळेत सोडते. शेजारणीला वाटतं मी आत्ताच निघाले. त्याआधीचा दीड तास नाओमी एकटी असते मावशी. टीव्ही लावून, दार ओढून मी निघून जाते.

दोनदा पाय निघाला नाही, उशीर झाला. शुक्रवारी अर्ध्या वाटेवरून परत फिरले. ती बाहेर बर्फात उभी होती, माझे जुने बूट घालून. म्हणाली, "मी पण कामाला येते."

तीन उशीर म्हणजे युनियनच्या कमिटीपुढे उभं राहायचं. गुरुवारी, चार वाजता. एकदा नाव कापलं की पुन्हा घेत नाहीत. मला भीती वाटते गं.

त्यांच्या कागदावर विचारलं होतं, पहाटे मुलीला कोण बघणार? मी तुझं नाव आणि फोन लिहून दिला. तुला न विचारता. बुधवारी ते तुला फोन करतील.

नाही म्हणालीस तर तुझं चुकणार नाही. हो म्हणालीस, तर १६ तारखेच्या सोमवारी पहाटे पाचला नाओमीला घेऊन तुझ्या पायरीवर उभी असेन.

ते दार तरी आपलं आहे ना?

तूच वाढवलेली,
शॅव्हॉन