डॅशबोर्डवरचं लाकूड

आबा, रावेरहून एक डुक्कर फियाट माझ्या वर्कशॉपमध्ये आली आहे. स्वतःच्या चाकांवर नाही, ट्रकमध्ये चढवून आणली. बाहेरून मी ओळखली नाही, कारण मधल्या काळात तिला कुणीतरी भलताच रंग फासलेला आणि बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटलेला. दार उघडून आत डोकावले तेव्हा डॅशबोर्ड दिसला. पत्र्याच्या डॅशबोर्डवर तुम्ही रंगानं काढलेलं लाकूड. पिवळट रंगावर तपकिरी रेषा, मध्येच सागाच्या असतात तशा गाठी, वरून व्हार्निश. ट्रकच्या फाळक्यांवरची तुमची नक्षी, आग्रा रोडवरच्या दुकानांच्या पाट्या, सगळं केव्हाच दुसऱ्या कुणाच्या तरी रंगाखाली गेलं. तुमच्या हातचं माझ्या माहितीत एवढंच उरलं होतं, आणि ते फिरून माझ्याकडे आलं. योगायोग म्हणावा तर तसंही नाही, जळगावात जुन्या गाड्यांची कामं घेणारे आहेतच किती.

गाडीचा मालक केळीवाला, चाळिशीचा, बोलायला मोकळा. त्याच्या आजोबांनी ही गाडी धुळ्याला तुमच्याकडे रंगवायला आणली होती. तो म्हणाला, ताई, बाहेरून तुम्हाला हवा तो रंग द्या, पण डॅशबोर्डवरचं लाकूड तेवढं जाऊ देऊ नका. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून तो त्या गाठींवरून बोट फिरवायचा. मी शब्द दिला. हे काम माझ्या वडिलांचं आहे, असंही सांगितलं. सांगताना अभिमान वाटला आणि पाठोपाठ जुना रागही वर आला.

तो राग तुम्हाला कधी कळलाच नाही. मी तुमच्याकडे कामाला लागले तेव्हा आई म्हणायची, मुलीच्या जेवणाला थिनरचा वास येतो, हिला कोण करून घेईल. तुम्ही तिच्याकडे लक्ष दिलं नाहीत. पुट्टी भरणं, पाणी लावून पॉलिश पेपर मारणं, रंग गाळणं, स्प्रे गन धरायची कशी आणि मनगट कुठे थांबवायचं, सगळं दिलंत. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा भांड्यांबरोबर तुमची स्वतःची स्प्रे गनही दिलीत. सासरच्यांना वाटलं हे काहीतरी शेतीत फवारायचं आहे. पण लाकूड काढायला बसलात की तुम्ही कोपऱ्यात गोणपाटाचा पडदा लावायचात. आत फक्त डेंटर काका जाणार, पत्रा ठोकणारे. मी बाहेर दारं घासत बसायची.

याच फियाटच्या वेळी मी पडदा उचलला होता. दुपार आहे, गाडीमालकाचे आजोबा बाहेर बाकावर चहा पीत बसले आहेत, आणि मला वाटतं की विचारायला काय हरकत आहे. मी गोणपाट बाजूला करते. तुम्ही ब्रश पाठीमागे लपवता, जणू मी पोलीस आहे. मग अगदी हळू आवाजात म्हणता, "हाई काम तुनं नही." ओरडला असतात तर मी विसरले असते. त्या संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना मी ठरवून टाकलं की माझ्या हातात ती कला नाही, हे तुम्हाला दिसलेलं आहे आणि तुम्ही नाइलाजानं सांगितलंत. पुढे गिऱ्हाइकांनी लाकूड मागितलं की मी म्हणायची, ते माझं काम नाही. तुमचेच शब्द, माझ्या तोंडी.

आता ऐका काय झालं ते. डॅशबोर्ड सोडवून मी टेबलावर घेतला. व्हार्निश काळवंडून तडकलेलं होतं, म्हणून उजव्या बाजूचं ते रिमूव्हरनं उतरवलं. खालचं लाकूड नव्यासारखं निघालं, मी खूश. त्या बाजूला कडेला गंज होता, तेवढा काढावा म्हणून पेपर ओला केला आणि घासायला लागले. तर तपकिरी पाणी वाहायला लागलं. मला वाटलं गंजाचं आहे. पुसून बघते तर रेषा गेल्या, गाठ गेली, खाली नुसता पिवळा पत्रा. ऑइल पेंट पाण्यानं जात नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. तुमचं मात्र गेलं. मी घाबरले. मालकाला शब्द दिलेला होता आणि अर्धं लाकूड नालीत गेलं होतं.

धुळ्याला डेंटर काकांना फोन लावला. आता त्यांना ऐकू कमी येतं, मला सगळं दोनदा सांगावं लागलं. कळलं तेव्हा ते इतके हसले की त्यांच्या सुनेनं फोन काढून घेतला आणि काय झालं म्हणून विचारलं. मग सांगायला लागले. तुम्ही तपकिरी पावडर बिअरमध्ये कालवायचात. शिळ्या, फेस मेलेल्या बिअरमध्ये. ती चिकट असते, पत्रा धरते, आणि व्हार्निश मारेपर्यंत पाणी लागू द्यायचं नसतं. "तुना बापना गळामा माळ व्हती," काका म्हणाले. "बाटली मीच लयी येऊ."

म्हणजे तुम्ही माळकरी, म्हणून बाटली आणून द्यायचे ते काका. आबा, तुम्ही. आषाढी-कार्तिकीला पाणीसुद्धा मोजून पिणारे, शेजारच्या ढाब्याचा वास येतो म्हणून खिडकी लावून घेणारे. पडद्याआड बिअरची बाटली घेऊन बसायचात, आणि मला वाटायचं की आत केवढं गुपित चाललं आहे. मलाही हसू फुटलं. मग मी काकांना विचारलं, हात नव्हता म्हणून नाही ना शिकवलं मला? ते म्हणाले, हाताचं काय, तुझा हात चांगला आहे हे तुझे आबा सगळ्या आग्रा रोडला सांगायचे. आणि मग, "पोर ह्या धंदामा उनी, तेच लोकेसले खुपस. त्यामा बाटलीबी आनाले गयी ते लोके काय म्हनतीन? अशे सांगे तो माले."

म्हणजे मुलगा असते तर शिकवलं असतंत. हे कळल्यावर मला बरं वाटलं की वाईट, ते मला अजून सांगता येत नाही. हात आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी लोकांना भिऊन तुम्ही मला गप्प बसवलंत. ज्या माणसानं आईचं ऐकलं नाही, नातेवाइकांचं ऐकलं नाही, तो एका बाटलीपायी मागे सरला. मला तुमचा राग आला आणि तुमची कीवही आली.

डावी बाजू अजून शाबूत होती. तिला जोडून उजवीकडे नवं काढलं असतं तर सांधा दिसला असता. हे मी स्वतःला समजावलं आणि ओलं फडकं घेऊन राहिलेलं तुमचं लाकूडही मीच पुसून टाकलं. मग दुकानात जाऊन बिअर आणली. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी, ताई? म्हटलं, गाडीसाठी. त्यानं बाटली कागदात गुंडाळून दिली. फेस मरायला पातेल्यात ओतून ठेवली तर आमचे हे म्हणाले, निदान झाकण तरी ठेव, लोक चहाला येतात. आधी जुन्या पत्र्यांवर करून बघितलं. पहिली काही लाकडं नव्हती, चिखल होता. नंतर हात बसला. सुका ब्रश ओढायचा, गाठीच्या जागी बोट टेकवून फिरवायचं. आमच्या दाराची सागवानी फळी समोर उभी करून मी डॅशबोर्ड पूर्ण केला.

मालक काल आला. बराच वेळ बघत राहिला, मग गाठीवरून बोट फिरवून म्हणाला, हेच ते, तुमच्या वडिलांच्या हातचं. हो म्हटलं असतं तर चालून गेलं असतं. मी म्हणाले, "नाही, ते माझ्याकडून पुसलं गेलं. हे मी काढलंय." त्यानं गाठीवरचं बोट उचललं. त्याला वाईट वाटलं ते दिसत होतं, आणि मी ते हलकं करायचा प्रयत्न केला नाही. शेवटी म्हणाला, बसवा.

आज दुपारी बसवून टाकला. तुम्ही गेलात तिथे हे कागद पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवले नसते, कारण एक गोष्ट तुमच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही. उरलेलं अर्धं लाकूड सांध्यासाठी पुसलं, असं वर लिहिलं आहे. सांधा मला लपवता आला असता. तुमचं पुसताना मला बरं वाटत होतं, आबा. वाईट आत्ता वाटतंय.