‘स्वतः’वरचा निबंध

ता. २ जून १९३६, सकाळ
आजपासून निबंधाला सुरुवात. विषय: ‘स्वतः’ हे चार भाषांत कसं म्हणतात. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्टरसाहेब जालन्याला येणार. निबंध पसंत पडला की मिडल स्कूलची हेडमास्तरकी माझीच. बारा वर्षं पाढे घोकून घेतले, आता बस्स. संकल्प: सगळं स्वतः करायचं. बायकोला, शरयूला, दौत भरायला सांगितली.

ता. ५
इंग्रजीत प्रत्येकाचं ‘स्वतः’ वेगळं. माझं मायसेल्फ, तुझं युवरसेल्फ, त्याचं हिमसेल्फ. शिस्तीचे लोक. बोट दुखतंय. मी सांगतो, शरयू लिहिते.

ता. ९
उर्दूत सगळ्यांत मिळून एकच ‘खुद’. शेजारच्या मौलवीसाहेबांकडे खुद जाणार होतो, पण ऊन फार. शरयू जाऊन त्यांच्या बीबीकडून वाक्यं घेऊन आली. बरी आहेत.

ता. १४, दुपार
तेलुगूसाठी शिपाई कचरूला स्टेशनवर पिटाळलं. म्हणाला, मास्तर, तिथला बाबू ‘तनकु ताने’ म्हणून राह्यला, एकाच माणसाला दोनदा सोता! मंग म्या एकदाच लिहून आणलं. शरयूने त्याला परत पाठवलं म्हणे. मी झोपलो होतो.

ता. २०
शरयू म्हणाली, अहो, मराठीचं तरी तुम्ही लिहा. लिहिलं: ‘मराठीत स्वतः हा शब्द’. तेवढ्यात पानं वाढली. उरलेलं वाक्य शरयूने पूर्ण केलं. पुढची अकरा पानंही.

ता. ३ जुलै
साहेब घरी आले. निबंधावर खूश! विचारलं, ‘बद्रीनाथने कारभारीला स्वतःच्या घरी नेलं’, तर घर कुणाचं? मी म्हणालो, भाड्याचं असेल. पुढचं दाराआडून शरयू बोलली. बराच वेळ. अक्षर कुणाचं, हेही साहेबांनी विचारलं. घरचंच, म्हणालो.

ता. १८
हुकूम आला. मुलींच्या शाळेत हेडमिस्ट्रेस: शरयूबाई. सोमवारपासून. माझ्याबद्दल एक ओळ: आहे त्या जागी कायम. हेडमास्तरकी घरात आली, माझाच विषय होता. तरी वाईट वाटलं. खूप वाटलं.

ता. २०, सोमवार
तिची शाळा सातला, आमची अकराला. संकल्प: चहा स्वतः. चूल पेटली! साखर सापडेना. मुलींच्या शाळेपर्यंत चालत गेलो, वर्गाबाहेर उभा राहिलो. मुली हसल्या. शरयू बाहेर आली नाही, चिठ्ठी पाठवली: डबा फळीवर, समोरच.
घरी आलो. समोरच होता. चूल विझली होती.