मिसेस पार्सन्सचं भांडं

अहो,

दचकू नका, मीच लिहितेय. लग्न ठरल्यावर तुम्हाला चार ओळींचं एक पत्र लिहिलं होतं आणि त्यातलीही एक ओळ दादाने खोडायला लावली होती. त्यानंतर पत्र लिहायची वेळच आली नाही. सत्तावीस वर्षं तुम्ही समोरच होतात, नुसतं "अहो" म्हटलं की झालं. आता हाक मारून भागत नाही, म्हणून कागद पुढे ओढलाय.

परवा तुमच्या गावाहून आले. सातारा नव्हे, ते दुसरं! इंग्लंडमधलं, समुद्राकाठचं. बॅगा अजून हॉलमध्ये तशाच आहेत, मीनल ऑफिसला गेलीय आणि इथे अमेरिकेत, अख्ख्या एडिसनमध्ये हे सगळं ज्याला सांगावं असं दुसरं कुणी मला सुचत नाही.

तुमचं भांडं परत करायला गेले होते. पांढरं एनॅमलचं, निळ्या काठाचं, एका कोपऱ्याचा टवका उडालेलं. लग्नाआधी तुम्ही दीड वर्ष तिथल्या छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर होतात आणि मिसेस पार्सन्सकडे एक खोली घेऊन राहायचात. निघायच्या दिवशी त्या बाईंनी सफरचंदाचं काहीतरी गोड त्यात भाजून दिलं आणि तुम्ही ते भांड्यासकट घेऊन आलात. मग आपल्या अमेरिकेतल्या तिन्ही स्वयंपाकघरांत मी त्याला तूप लावून वड्या थापत राहिले.

दर उन्हाळ्यात तुमचं सुरू व्हायचं. "या वर्षी भांडं पोचवू या. आणि रिकामं नाही हं!" आणि दर उन्हाळ्यात माझं उत्तर तयार असायचं. कधी मीनलची परीक्षा, कधी माझ्या आईचं आजारपण, कधी नुसतंच, "एका भांड्यासाठी कुणी इंग्लंडला जातं का? पोस्टाने पाठवा की!" तुम्ही हसायचात. नाताळ आला की मिसेस पार्सन्सना पत्र लिहायला बसायचात. देशपांडे काकू एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "डॉक्टर, एवढं ते गाव आवडतं, तर जात का नाही?" तुम्ही म्हणालात, "मलाच सुट्टी मिळत नाही." मी तिथेच बसले होते. खाली बघून पुऱ्या लाटत होते.

तुम्ही गेल्यावर मीनलने त्यांना कळवलं. उत्तर आलं, वाकड्यातिकड्या अक्षरात. शेवटी लिहिलं होतं, मी त्र्याऐंशी वर्षांची आहे, यायचं असेल तर या. ते वाचून मला रडू फुटलं. तुमच्यासाठी नाही, माझ्याच हट्टासाठी!

मग काय, ओक ट्री रोडवरच्या आपल्या देशी दुकानातून किसलेल्या खोबऱ्याची चार पाकिटं आणली. भांड्यातच वड्या थापल्या, वेलदोडा तुम्हाला लागतो तेवढा, म्हणजे जास्तच. मीनल म्हणाली, "आई, आर यू सिरीयस? हे सगळं फ्लाइटमध्ये मांडीवर घेऊन बसणार?" बसले! लंडनच्या विमानतळावर डब्यासारखं बांधलेलं ते गाठोडं बघून तिथल्या माणसाने विचारलं, यात काय आहे? मी मीनलकडे बघितलं. तीच बोलली. पुढे बसमध्ये, दुकानात, सगळीकडे तीच बोलली. माझं तोंड तुम्हाला माहीतच आहे. घरात थांबत नाही आणि बाहेर उघडत नाही.

तुमचं गाव मात्र तुम्ही सांगायचात तसंच निघालं. दोन्ही बाजूंनी कुंपणाच्या उंच झुडपांतून जाणारा एकच अरुंद रस्ता, उतारावर मेंढ्या, आणि एकदम खाली समुद्र. ओहोटी होती, बंदरातल्या होड्या चिखलात कुशीवर आडव्या पडल्या होत्या. मला वाटायचं, होड्या निजतात हे तुम्ही उगाच तिखटमीठ लावून सांगता. खरंच निजतात की हो! तुमच्या हॉस्पिटलात आता लोक राहतात, खिडकीत कुणाचं तरी मांजर बसलं होतं.

मिसेस पार्सन्स काठी टेकत फाटकाशीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "या. आत. या. चहा. ठेवते." एकेक शब्द सुटा, मध्ये भरपूर जागा. मला वाटलं, वय झालंय बिचारीचं. पण खरं सांगू? शब्द न शब्द कळत होता. मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं, इंग्लंडमध्ये सगळे असेच बोलत असावेत.

मी भांडं समोर ठेवलं. त्यांनी टवक्यावरून बोट फिरवलं आणि तुमची ती साखरेची गोष्ट सुरू केली! पहिल्या आठवड्यात त्यांनी पुडिंग दिलं. रिकामं भांडं कसं परत करायचं, म्हणून तुम्ही त्यात मूठभर साखर घालून दिलीत. त्या समजल्या, पोराला पुडिंग कमी गोड लागलं. पुढच्या वेळी त्यांनी साखर वाढवली. तुम्ही पुन्हा साखर घालून परत केलंत. त्यांनी आणखी वाढवली. सहा आठवडे तुम्ही दात आवळून ते पुडिंग खाल्लंत, आणि शेवटी कोण आधी बोललं यावर त्या अजून वाद घालायला तयार आहेत.

ही गोष्ट तुम्ही गणपतीच्या जेवणात सांगायला लागलात की मी मध्येच म्हणायचे, "पुरे, सगळ्यांना पाठ झालीय." त्या दिवशी मी ती शेवटपर्यंत ऐकली. गोष्ट चांगली आहे हो. उगाच तोडत होते मी.

तेवढ्यात दारावर मासेवाला आला. आणि मिसेस पार्सन्स त्याच्याशी अशा काही भराभरा बोलायला लागल्या की मला एक अक्षर कळेना! भाव करून, त्याला चार शब्द सुनावून आत आल्या, आणि माझ्याकडे वळून पुन्हा, "अजून. चहा. हवा?"

मीनलला राहवलं नाही. तिने विचारलंच. म्हातारी हसली. म्हणाली, "डॉक्टरने लिहिलं होतं. तुम्ही सगळे पहिल्यांदा येणार होतात तेव्हा. फार वर्षं झाली. लिहिलं होतं, माझी बायको हुशार आहे, पण इंग्रजीला घाबरते. ती आली की सावकाश बोला." मग म्हणाली, "मी तेव्हापासून लक्षात ठेवलंय."

अहो, म्हणजे तुम्हाला माहीत होतं!

अमेरिकेतलं ते पहिलं वर्ष, तुमच्या हॉस्पिटलची पिकनिक. मी काहीतरी बोलले आणि ती बाई तीनदा म्हणाली, "पार्डन?" चौथ्यांदा मी बोललेच नाही, त्या बाईशी आणि त्यानंतर फारशी कुणाशीच. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. परीक्षा सांगितली, आजारपण सांगितलं, हे नाही. आणि तुम्ही सगळं ओळखून गप्प राहिलात? काकूंच्या टोमण्यावर स्वतःचं नाव पुढे केलंत? एकदा मला म्हणाला असतात तर! मी भांडले असते म्हणा. दोन दिवस बोलले नसते. पण तिसऱ्या दिवशी बॅग भरली असती कदाचित, आणि त्या टेबलाशी आज आपण दोघं असतो. एवढा राग मला तुमचा येतोच, तो येऊ द्या.

मिसेस पार्सन्सनी विचारलं, "तो. शेवटी. कसा होता?" मीनलने तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला आणि म्हटलं, "थांब. मी सांगते."

आणि सांगितलं. माझ्या इंग्रजीत. ती सकाळ, तुम्ही अर्धवट ठेवलेला चहा, अँब्युलन्स, सगळं. क्रियापदं कुठे पडत होती देव जाणे. अर्धा तास लागला. त्या बाई एकदाही "पार्डन" म्हणाल्या नाहीत. नंतर बसमध्ये मीनल म्हणाली, "आई, आय नेव्हर न्यू यू कुड." मी म्हटलं, "तुझ्या बाबांना माहीत होतं."

भांडं ठेवून मोकळी होईन अशा बेताने गेले होते. पण आम्ही निघालो तेव्हा त्यांनी वड्या स्वतःच्या डब्यात काढून घेतल्या, भांडं धुतलं, त्यात घरची बिस्किटं रचली आणि माझ्या हातात दिलं. मी नको नको म्हणत होते. म्हणाल्या, "रिकामं. द्यायचं. नाही. डॉक्टरने. शिकवलंय."

तर ते भांडं आत्ता इथे टेबलावर आहे, माझ्यासमोर. त्यात दोन बिस्किटं उरलीत, तुमच्या वाटणीची. बाकीची मीनलने संपवली.

तुमचे आभार मानायची आपल्यात कधी पद्धत नव्हती. आज मानते. न बोलता सांभाळलंत त्याबद्दल, आणि मी जाईन याची मलाच खात्री नव्हती तेव्हा तिकडे माझी सोय करून ठेवलीत त्याबद्दल. फार फार आभार.

भांडं पुढच्या उन्हाळ्यात पोचवणार, वड्यांनी भरून. मीनलला सुट्टी नसली तर एकटी जाईन. बसमध्ये मीच तिकीट मागेन, विमानतळावर गाठोड्यात काय आहे ते मीच सांगेन. आणि मिसेस पार्सन्सच्या टेबलाशी बसले की त्यांना म्हणेन, आता जरा भराभरा बोला.

तुमचीच,
सुमन