कोपऱ्यातला झाडू

मंगळवार संध्याकाळ, मयूर विहार

घरी येऊन तास झाला, अजून बूटसुद्धा काढलेले नाहीत. शिंदेकाकांचा हात डोळ्यांपुढून हलत नाही.

हायड्रोजनची आग उन्हात दिसत नाही. नोएडाच्या आमच्या प्लांटमध्ये अलार्म आहे, पण तो गॅस गळतोय एवढंच सांगतो. ज्वाळा नेमकी कुठे आहे, ते नाही. म्हणून फौजेतून रिटायर होऊन आमच्याकडे टेक्निशियन झालेले काका गवताचा झाडू पुढे धरून चालतात. आग असलीच तर आधी झाडू पेटेल. तो कायम दाराजवळच्या कोपऱ्यात उभा असायचा.

आज पाहुणे येणार होते, फोटो निघणार होते. एवढ्या चकाचक प्लांटमध्ये झाडू, यार? मीच उचलून स्टोअरमध्ये टाकला. काकांना सांगायचं राहून गेलं. की मी टाळलं?

पाहुणे गेले आणि अलार्म वाजला. काकांनी कोपऱ्याकडे बघितलं. त्यांना तिथे बघताना मी पाहिलं, तरी झाडू स्टोअरमध्ये आहे, हे सांगितलं नाही. मग ते व्हॉल्व्ह बंद करायला तसेच पुढे गेले, झाडूऐवजी हात पुढे करून.

हॉस्पिटलमध्ये हाताला पट्टी बांधून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, रिपोर्टमध्ये झाडूचं लिहू नका. तुमच्यावर येईल."

मी नाही म्हणायला हवं होतं.

मी मान डोलावली. किती पटकन डोलावली.